रक्तक्षयाची गणना : एक अर्थविचार

१

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांतील एका विधानाने जाणकारांना विशेष अस्वस्थ केले. भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७.० टक्के स्त्रिया आणि ६ ते ५९ महिने वयाच्या बालकांपैकी ६७.१ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त आहेत, असे ते विधान होय. त्यापूर्वीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) हीच प्रमाणे अनुक्रमे ५३.१ व ५८.६ टक्के होती. महाराष्ट्रापुरते पाहिल्यास स्त्रियांचे प्रमाण ४८.० वरून ५४.२ टक्क्यांवर आणि बालकांचे ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेलेले दिसते. राज्यातील गर्भवती स्त्रियांचे प्रमाण मात्र याच काळात ४९.३ वरून ४५.७ टक्क्यांवर उतरले. लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे १९७० पासून आहे आणि २०१८ साली 'ॲनिमिया मुक्त भारत' या नावाने त्याची नव्याने उभारणीही झाली. असे असता प्रमाण घटण्याऐवजी वाढावे, हे कोणासही कोड्यात टाकणारेच होते.

या आकड्यांचे वाचन दोन प्रकारांनी झाले. एका पक्षाने ते जसेच्या तसे स्वीकारून गोळ्यांचे वाटप, आहार व शासनव्यवस्था यांच्या अपयशाचा पुरावा म्हणून पुढे ठेवले. दुसऱ्या पक्षाने मोजण्याची पट्टीच परकी व सदोष असून भारतातील रक्तक्षय पुष्कळ अंशी फुगवलेला आहे, असे प्रतिपादिले. दोन्ही पक्षांत अधिकारी व्यक्ती आहेत, आणि वैद्यकाच्या अंगाने त्यांचा निवाडा करणे हा प्रस्तुत लेखकाचा अधिकार नव्हे. परंतु या वादाची एक बाजू निःसंशय भाषाविचाराची आहे. 'रक्तक्षय' या शब्दाने नेमके काय म्हटले जाते, ही व्याख्या कोणी व केव्हा केली, ती एका फेरीतून दुसऱ्या फेरीत जाताना तशीच राहिली काय, आणि ज्या स्त्रियांविषयी हे विधान केले जाते त्यांच्या भाषेत त्याला काही अर्थ आहे काय, हे ते प्रश्न होत. सर्वेक्षणाचा अहवाल हा एक ग्रंथ आहे. कोणत्याही ग्रंथाप्रमाणे त्याचीही पाठचिकित्सा झाली पाहिजे. एकाच शब्दाखाली निरनिराळे अर्थ वावरत असतील, तर त्या शब्दापुढे लिहिलेल्या संख्यांची बेरीज-वजाबाकी करण्यापूर्वी ते अर्थ वेगळे करणे हे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य ठरते. प्रस्तुत लेखात हेच करण्याचा प्रयत्न आहे.

२

प्रथम नावाचा विचार करू. 'ॲनिमिया' हा शब्द मूळ ग्रीक असून 'रक्त नसणे' एवढाच त्याचा अक्षरशः अर्थ आहे. मराठीत त्यास 'रक्तक्षय' हा प्रतिशब्द रूढ झाला. हिंदीत 'रक्ताल्पता' आणि बोलण्यात 'खून की कमी' असे म्हणतात. कन्नडात 'रक्तहीनते' आणि तेलुगूत 'रक्तहीनत' हे शब्द प्रचलित आहेत. सोलापूर शहरात व जिल्ह्यात मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या चारही भाषा नित्य कानी पडतात. म्हणजे एकाच आरोग्यकेंद्रात बसलेल्या चार स्त्रियांना ही अवस्था चार नावांनी सांगितली जाणे येथे अगदी शक्य आहे.

या नावांतील भेद केवळ ध्वनींचा नाही. 'अल्पता' व 'हीनता' ही स्थितिवाचक नामे आहेत, तर 'क्षय' हे क्रियावाचक नाम आहे. जे होते ते झिजत चालले आहे, असे त्यातून सूचित होते. शिवाय मराठीत 'क्षय' हा शब्द एकटा उच्चारला की फुप्फुसाच्या दुर्धर रोगाचीच आठवण होते. त्यामुळे ज्या स्त्रीच्या रक्तातील हिमोग्लोबिन कित्येक वर्षे एकाच खालच्या पातळीवर स्थिर आहे, तिच्या बाबतीत मराठी शब्द आवश्यकतेपेक्षा अधिक बोलतो. झीज चालू आहे की नाही, हे एका वेळच्या तपासणीतून समजूच शकत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, वरील सर्व नावे रक्ताच्या प्रमाणाविषयी बोलतात आणि चाचणी मात्र हिमोग्लोबिनची घनता मोजते. एक डेसिलिटर रक्तात हिमोग्लोबिन किती ग्रॅम आहे, एवढेच ती सांगते. हा भेद गर्भिणीच्या बाबतीत स्पष्ट होतो. गर्भारपणात शरीरातील रक्त वाढते. तथापि रक्तद्रव ज्या प्रमाणात वाढतो त्या प्रमाणात तांबड्या पेशी वाढत नाहीत, आणि म्हणून हिमोग्लोबिनचा आकडा काहीसा उतरतो. गर्भवतीसाठी सीमारेषा १२.० ऐवजी ११.० ग्रॅम धरली जाते, त्याचे एक कारण हेच होय. अशा स्त्रीला 'तुझ्या अंगात रक्त कमी आहे' असे सांगणे शब्दशः पाहिले तर वस्तुस्थितीच्या उलट आहे. व्यवहारात या वाक्याने काम भागते हे खरे, परंतु त्यातूनच 'रक्त भरणे', 'रक्त वाढवणे' या कल्पना उद्भवतात व गोळीकडे शक्तिवर्धक म्हणून पाहिले जाते. मग चार दिवसांत शक्ती आल्याचे जाणवले नाही की गोळी सुटते. दवाखान्यात जाऊन आलेली बाई 'माझं रक्त नऊ आहे' असे सांगते, तेव्हा रक्त ही मोजता येण्याजोगी साठवण आहे, ही समजूत त्या वाक्याच्या रचनेतच रुजलेली असते.

जुन्या वैद्यकातील 'पांडुरोग' या संज्ञेची तुलना येथे उद्बोधक ठरेल. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील १६ वा अध्याय या रोगाचा आहे. पांडू म्हणजे फिकट पिवळसर. ही संज्ञा डोळ्यांना जे दिसते त्यावरून दिलेली आहे, आणि कामलेचा, म्हणजे काविळीचा, विचारही तिच्याच प्रकरणात येतो. आजच्या 'ॲनिमिया'शी तिची अर्थव्याप्ती जुळत नाही, हे उघड आहे. तथापि त्या वर्गीकरणात वात, पित्त, कफ व सन्निपात यांच्या जोडीला पाचवा प्रकार मृद्भक्षणाने, म्हणजे माती खाण्याने, होणारा असा सांगितला आहे. माती खाण्याची इच्छा आणि लोहाची उणीव यांचा परस्परसंबंध आधुनिक वैद्यकासही परिचित आहे. त्यात कारण कोणते व कार्य कोणते, हा प्रश्न वेगळा. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, जुनी संज्ञा ढोबळ असली तरी तिच्या पोटविभागांत 'कशामुळे' हा प्रश्न विचारलेला होता. सर्वेक्षणाच्या कोष्टकांतील आधुनिक संज्ञा अत्यंत काटेकोर आहे, पण तिचे पोटविभाग 'किती' एवढाच प्रश्न विचारतात.

व्याकरणाचा एक मुद्दा येथेच नोंदवला पाहिजे. इंग्रजी अहवालात स्त्रीला 'ॲनिमिक' हे विशेषण लागते. एका वर्गात तिची गणना होते, इतकाच त्याचा अर्थ. मराठीत रोगाचे विधान चतुर्थीच्या रूपाने होते. 'तिला ताप आहे', 'तिला खोकला झाला' याच धर्तीवर आपण 'तिला रक्तक्षय झाला' असे म्हणतो. या रचनेत ती व्यक्ती अनुभव घेणारी असते. तिला काहीतरी जाणवते, असे गृहीत धरलेले असते. परंतु हिमोग्लोबिन ११.६ असलेल्या स्त्रीला बहुधा वेगळे असे काहीच जाणवत नाही. आणि ८ असलेल्या स्त्रीला जे जाणवते, त्यास ती कामाचा शीण, अशक्तपणा किंवा 'विकनेस' म्हणते, रक्तक्षय म्हणत नाही. म्हणजे अहवालाचे मराठी रूपांतर होताच, मूळ विधानात नसलेला एक अनुभव त्यात शिरतो. वाचकाला निम्म्याहून अधिक स्त्रिया आजारी असल्याचा भास होतो, आणि त्या स्त्रियांना मात्र हे आपल्याविषयी चालले आहे असे वाटत नाही. ही दरी केवळ प्रचाराने बुजणारी नाही, कारण ती वाक्यरचनेतच आहे.

३

आता सीमारेषेचा विचार. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ च्या अहवालात ज्या सीमा दिल्या, त्या अल्पशा फेरफाराने आजवर चालत आल्या. गर्भवती नसलेल्या स्त्रीसाठी १२.०, गर्भवतीसाठी ११.० आणि पाच वर्षांखालील बालकांसाठी ११.० ग्रॅम अशा त्या आहेत. २०२४ पूर्वीच्या संकेताप्रमाणे समुद्रसपाटीपासून एक हजार मीटरहून अधिक उंचीवर राहणाऱ्यांसाठी यात दुरुस्ती करावी लागे. सोलापूर त्या उंचीच्या पुष्कळच खाली असल्याने येथे तो प्रश्न येत नाही.

निसर्गात अशी रेषा नसते. हिमोग्लोबिनचे मूल्य ११.९ वरून १२.० वर जाताना शरीरात कोणतेही दार उघडत किंवा मिटत नाही. रेषा ओढली जाते ती आपल्या सोयीसाठी, आणि तशी ती ओढावीच लागते. शब्दाच्या व्याख्येलाही हाच न्याय लागू आहे. 'डोंगर' व 'टेकडी' यांमधील सीमा भूगोलकार ठरवतो, भूमी ठरवत नाही. यात वावगे काही नाही. अट एकच की, सीमा ज्याने ठरवली त्याने ती सांगितली पाहिजे, आणि ती बदलली तर तेही सांगितले पाहिजे.

या कसोटीवर चौथ्या व पाचव्या फेऱ्यांचे अहवाल शेजारी ठेवून पाहावेत. चौथ्या फेरीत भारतातील स्त्रियांपैकी ३९.६ टक्के सौम्य, १२.४ टक्के मध्यम आणि १.० टक्का तीव्र रक्तक्षयाच्या वर्गात होत्या. पाचव्या फेरीत हीच प्रमाणे २५.७, २८.६ व २.७ टक्के अशी आहेत. केवळ शब्द वाचणारा म्हणेल की, पाच वर्षांत मध्यम रक्तक्षय दुपटीहून अधिक आणि तीव्र रक्तक्षय जवळजवळ तिप्पट झाला. परंतु दरम्यान या विशेषणांचे अर्थच बदललेले आहेत. चौथ्या फेरीत गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या बाबतीत १०.० ते ११.९ म्हणजे सौम्य, ७.० ते ९.९ म्हणजे मध्यम आणि ७.० च्या खाली तीव्र, असा संकेत होता. पाचव्या फेरीत ११.० ते ११.९ सौम्य, ८.० ते १०.९ मध्यम आणि ८.० च्या खाली तीव्र, असा संकेत स्वीकारला गेला. हा नवा संकेत जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाशी जुळता आहे, आणि तो स्वीकारण्यात गैर काही नाही. परंतु ज्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १०.५ आहे ती चौथ्या फेरीत 'सौम्य' होती व पाचव्या फेरीत 'मध्यम' झाली. ज्या स्त्रीचे ७.५ आहे ती 'मध्यम' होती व 'तीव्र' झाली. रक्त तेच राहिले, विशेषण बदलले. या दोन कोष्टकांतील वर्ग एकमेकांसमोर ठेवून काढलेली वाढ म्हणूनच रक्ताविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही.

याचा अर्थ एकूण वाढही भ्रामक आहे, असा कोणी घेऊ नये. १२.० ही वरची सीमा दोन्ही फेऱ्यांत तीच होती, आणि ५३.१ व ५७.० यांची तुलना त्या मर्यादेत करता येते. महासाथीमुळे ही वाढ झाली, असा एक खुलासा ऐकू येतो. परंतु महाराष्ट्रातील पाहणी पहिल्या टप्प्यात, म्हणजे २०१९ सालच्या उत्तरार्धात, झालेली असल्याने या राज्यापुरता तो लागू पडत नाही.

सीमेविषयीचा मूलभूत वाद याहून पुढचा आहे. २०२१ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात भारतीय संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १ ते १९ वर्षे वयाच्या ज्या मुलामुलींत पोषणाची उणीव किंवा संसर्ग आढळला नाही अशांचीच निवड करून त्यांच्या रक्तावरून त्यांनी नव्या सीमा सुचवल्या. त्या रूढ सीमांहून खाली आहेत. रूढ सीमांप्रमाणे ३०.० टक्के मुले रक्तक्षयाच्या वर्गात पडतात, तर नव्या सीमांप्रमाणे १०.८ टक्के. पुढे २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या सीमांची फेरतपासणी केली. ६ ते २३ महिन्यांच्या बालकांसाठी ती १०.५ पर्यंत खाली आणली, गर्भारपणाच्या मधल्या तिमाहीसाठीही १०.५ ठरवली, मात्र २४ ते ५९ महिन्यांच्या बालकांसाठी ११.० आणि गर्भवती नसलेल्या स्त्रियांसाठी १२.० याच सीमा कायम ठेवल्या.

या ठिकाणी दोन्ही पक्षांकडून एक तार्किक चूक होताना दिसते. सीमा खाली आणल्याने रक्तक्षय 'कमी झाला' असे होत नाही आणि ती वर ठेवल्याने 'सिद्ध झाला' असेही होत नाही. निरोगी बालकाचे हिमोग्लोबिन किती असते, हा एक प्रश्न आहे. किती हिमोग्लोबिनच्या खाली शरीराच्या व बुद्धीच्या वाढीस अपाय होतो, हा दुसरा प्रश्न आहे. दोहोंची उत्तरे एकाच संख्येत यावीत, असा नियम नाही. 'रक्तक्षय' हा एकच शब्द या दोन्ही प्रश्नांना वापरला जात असल्याने, एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याचे खंडन वाटू लागते. शास्त्रीय परिभाषेत ज्यास अनेकार्थता म्हणतात, तो दोष येथे कोट्यवधी माणसांच्या गणनेत शिरला आहे.

४

तिसरा विचार रक्ताच्या थेंबाचा. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिमोग्लोबिनची चाचणी १९९८-९९ च्या दुसऱ्या फेरीपासून सुरू झाली. बोटाला, आणि अगदी लहान बालकाच्या टाचेला, टोचून आलेला थेंब हातात मावणाऱ्या यंत्रात घालून जागीच आकडा वाचावयाचा, अशी ही पद्धत आहे. वीज व प्रयोगशाळा नसलेल्या गावी घरोघर जाऊन मोजणी करण्यास तिच्याइतके सोयीचे साधन नव्हते, आणि देशातील स्त्रियांच्या रक्ताचे पहिले सलग चित्र आपल्याला तिच्यामुळेच मिळाले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु बोट दाबून काढलेल्या थेंबात ऊतींतील द्रव मिसळू शकतो, एका थेंबाचा आकडा दुसऱ्या थेंबाशी तंतोतंत जुळत नाही, आणि मोजणाऱ्याच्या हाताचा परिणाम आकड्यावर होतो.

२०१६-१८ या काळात झालेल्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेऊन ते प्रयोगशाळेतील स्वयंचलित यंत्रावर तपासले गेले. त्यात १ ते ४ वर्षे वयाच्या बालकांपैकी ४१ टक्के, ५ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी २४ टक्के आणि १० ते १९ वर्षांच्या मुलांपैकी २८ टक्के रक्तक्षयाच्या वर्गात आढळले. जवळपास त्याच काळातील चौथ्या फेरीने बालकांचे प्रमाण ५८.६ टक्के दिले होते. वयोगट पूर्णपणे सारखे नाहीत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ६ ते ११ महिन्यांच्या तान्ह्यांत हिमोग्लोबिन बरेच कमी आढळते, आणि ती पोषण सर्वेक्षणाच्या या गटात नाहीत. तरीही उरणारे अंतर मोठे आहे, आणि त्यातील पुष्कळसा भाग थेंब व शीर यांमधील असावा, असे मानण्यास जागा आहे.

या मतभेदाचा परिणाम म्हणून सहाव्या फेरीतून (२०२३-२४) हिमोग्लोबिनची चाचणी वगळण्यात आली, आणि हे काम आहार व जैवनिर्देशक सर्वेक्षण या शिरेतील रक्तावर आधारलेल्या स्वतंत्र पाहणीकडे सोपवण्यात आले. शास्त्राच्या दृष्टीने हा बदल समर्थनीय आहे. परंतु ग्रंथचिकित्सेच्या दृष्टीने एक धोका सांगितला पाहिजे. नव्या पाहणीचा आकडा बहुधा जुन्याहून खाली येईल. त्या वेळी जुना व नवा आकडा एकाच रेषेत मांडून 'रक्तक्षय घटला' असे म्हणण्याचा मोह अनावर होईल. ज्यांनी जुन्या आकड्यांतील वाढ अपयशाचा पुरावा मानली, त्यांच्याच पद्धतीने ही घट यशाचा पुरावा मानली जाईल. दोन्ही अनुमाने सारखीच निराधार ठरतील. दोन भिन्न प्रतींतील पाठ एकत्र करून तिसराच ग्रंथ तयार करण्यासारखा तो प्रकार होईल. शिवाय कुटुंब सर्वेक्षणात त्याच स्त्रीचे शिक्षण, काम, बाळंतपणे व घरची सांपत्तिक स्थिती यांची नोंद तिच्या रक्ताच्या आकड्याशेजारी होत असे. ही जोड नव्या व्यवस्थेत किती टिकते, याकडे अभ्यासकांनी लक्ष ठेवले पाहिजे.

जागतिक अंदाजांनाही हाच न्याय लावावा लागतो. २०१२ साली जागतिक आरोग्य परिषदेने स्त्रियांतील रक्तक्षय २०२५ पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठरवले; पुढे ही मुदत २०३० पर्यंत वाढवण्यात आली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्नसुरक्षाविषयक वार्षिक अहवालाच्या २०२३ च्या आवृत्तीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांतील प्रमाण २०१२ साली २८.५ टक्के व २०१९ साली २९.९ टक्के होते, असे दिले आहे. त्याच अहवालाच्या २०२५ च्या आवृत्तीत २०१२ सालचे प्रमाण २७.६ टक्के आणि २०२३ सालचे ३०.७ टक्के आहे. म्हणजे २०१२ या एकाच वर्षाचे दोन पाठ उपलब्ध आहेत. नवी माहिती व सुधारलेले गणित यांमुळे जुने अंदाज पुन्हा मांडावे लागतात, आणि यात लबाडी नाही. परंतु जो वाचक पहिल्या आवृत्तीतून आरंभीचा आकडा व दुसरीतून शेवटचा आकडा उचलेल, तो न घडलेला इतिहास लिहील. दोन्ही आवृत्त्या स्वतंत्रपणे जे सांगतात, ते मात्र एकच आहे. निम्म्यावर येण्याचे दूरच राहिले. जगातील स्त्रियांतील हे प्रमाण किंचित वाढलेच आहे.

५

येथवर नाव, रेषा व थेंब यांचा विचार झाला. या तिन्हींहून महत्त्वाचा प्रश्न कारणाचा आहे, आणि त्या बाबतीत आपल्याच प्रांतातील एक उदाहरण मार्गदर्शक आहे.

१९२८ साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईस आल्या. कापडगिरण्यांशी संबंधित गरीब कुटुंबांतील गर्भवती स्त्रियांत आढळणारा एक गंभीर रक्तक्षय हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्या काळी त्यास 'गर्भिणीचा घातक रक्तक्षय' असे नाव होते, आणि 'घातक रक्तक्षय' हे नाव आधीच एका वेगळ्या विकाराला दिलेले असल्याने, हाही त्याचाच प्रकार असावा अशी समजूत होण्यास वाव होता. विल्स यांनी नावावर विसंबून न राहता या स्त्रिया काय खातात याची चौकशी केली, आहाराचे प्रयोग केले, आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने हा रक्तक्षय बरा होतो असे १९३१ साली दाखवून दिले. ज्या शुद्ध यकृतार्काने तो दुसरा विकार बरा होई, त्याने हा बरा होत नसे, हेही पुढील अभ्यासात स्पष्ट झाले. एका नावाखाली दडलेल्या दोन गोष्टी अशा रीतीने वेगळ्या झाल्या. यीस्टमधील जो घटक दीर्घकाळ 'विल्स घटक' म्हणून ओळखला गेला, त्यास पुढे फॉलिक आम्ल म्हणू लागले. १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळ्या केलेल्या आम्लास हे नाव मिळाले. लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणजे पान. आज गर्भवती स्त्रीला जी तांबडी गोळी १८० दिवस घ्यावयास सांगतात, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोहाच्या जोडीला ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. त्या गोळीत मुंबईच्या गिरणगावातील स्त्रियांचा वाटा आहे, ही गोष्ट सोलापूरसारख्या गिरण्यांच्या गावाने विसरू नये.

या उदाहरणाचा बोध असा की, 'रक्तक्षय' हे निदान नव्हे. ते शोधाच्या आरंभीचे नाव आहे. उपरोक्त पोषण सर्वेक्षणाने १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींत लोहाची उणीव २२ टक्के, ब-१२ जीवनसत्त्वाची ३१ टक्के आणि फॉलिक आम्लाची ३७ टक्के दाखवली. १ ते ४ वर्षांच्या बालकांत हीच प्रमाणे ३२, १४ व २३ टक्के आहेत. म्हणजे लहानग्यांत लोह पुढे आहे आणि वाढत्या वयात इतर उणिवा पुढे येतात. जंत व इतर संसर्ग, मासिक पाळीतील अतिस्राव, एकामागून एक होणारी बाळंतपणे ही कारणे यांखेरीज आहेतच. विदर्भात व नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलचा प्रश्न आहे. तो आनुवंशिक असून त्यासाठी २०२३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. त्याच्याही नावात 'ॲनिमिया' हा शब्द आहे, पण केवळ लोह देऊन तो बरा होत नाही. जो शब्द इतक्या भिन्न गोष्टींना सारखाच लागतो, तो गणनेच्या शीर्षस्थानी ठेवून खाली एकच उपाय लिहिणे, हा शब्दाने विचारावर केलेला अन्याय होय. गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ गोळ्या वाटूनही अपेक्षित घट का दिसत नाही, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग येथे सापडण्याचा संभव आहे. गोळ्या पोचतात काय व घेतल्या जातात काय, हा दुसरा भाग अर्थातच तितकाच महत्त्वाचा आहे.

६

या विवेचनातून काही अपेक्षा निष्पन्न होतात. रक्तक्षयाचा कोणताही आकडा छापताना सीमारेषा, वयोगट आणि बोटाचे की शिरेचे रक्त, हे तीन तपशील त्याच ओळीत दिले पाहिजेत. ते तळटीपेत गेले की वृत्तपत्रापर्यंत पोचत नाहीत. सौम्य, मध्यम व तीव्र ही विशेषणे त्यांच्या संख्यांशिवाय वापरू नयेत. भिन्न पद्धतींच्या पाहण्या एका आलेखात जोडावयाच्या असतील, तर जोड कोठे आहे ते दाखवावे. आणि मराठीत लिहिताना, जेथे केवळ चाचणीचा निष्कर्ष सांगावयाचा आहे तेथे 'हिमोग्लोबिन कमी असणे' असे साधे लिहावे. 'रक्तक्षय' हा शब्द वैद्याने केलेल्या निदानासाठी राखून ठेवावा.

यापुढील काम मात्र भाषेच्या अभ्यासकांचे आहे. सोलापुरात हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. त्यांतील अनेकींची घरची भाषा तेलुगू आहे, दवाखान्यातील भाषा मराठी आहे आणि गोळीच्या पाकिटावरील भाषा बहुधा तिसरीच असते. अक्कलकोटकडील स्त्री हाच व्यवहार कन्नडातून सुरू करते. या स्त्रिया थकव्याला काय म्हणतात, कोणता थकवा रोग मानतात व कोणता नशिबाचा भाग, 'रक्त कमी' या शब्दांचा कोणता अर्थ त्यांच्यापर्यंत पोचतो, आणि तपासणीच्या वेळी त्यांना आकडा सांगितल्यास त्यातून त्या काय समजतात, याचा चारही भाषांतील पद्धतशीर शब्दसंग्रह झाला पाहिजे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हाती घेता येईल असा हा विषय आहे. त्याची सामग्री विद्यापीठाच्या परिसरापासून फार दूर नाही, आणि त्याचा उपयोग आरोग्यकार्यकर्त्यांना तत्काळ होण्यासारखा आहे.

गणना खोटी आहे, असे म्हणण्याचा या लेखाचा हेतू नाही. कोणतीही रेषा घेतली, कोणत्याही पद्धतीने रक्त काढले, तरी फार मोठ्या संख्येने स्त्रिया व बालके तिच्या खाली राहतात, हे निर्विवाद आहे. वाद आहे तो रेषेजवळच्या लोकांविषयी. ज्या स्त्रीचे हिमोग्लोबिन ७.५ आहे, ती जुन्या व नव्या सर्व व्याख्यांत रेषेच्या पुष्कळ खाली आहे. तिला मध्यम म्हणावे की तीव्र, यावर अहवालांचे एकमत नसेल. तिला उपचार हवा, यावर कोणाचेच दुमत नाही. टक्केवारी वाढली की घटली, या वादात अशी स्त्री दृष्टीआड होते. व्याख्या स्पष्ट असतील तर तिची संख्या वेगळी काढता येते, आणि संख्या वेगळी काढता आली तर तिच्या दारापर्यंत जाता येते. संज्ञांची चिकित्सा एवढ्यासाठीच करावयाची.